मेन जेट आणि ग्वाल्हेरची हवा

नवतप्याच्या दिवसांत ग्वाल्हेरचा पारा ४५ अंश ओलांडतो आणि जानेवारीच्या पहाटे तोच ४-५ अंशांपर्यंत उतरतो. पोर्ट घासलेले, सायलेन्सर बदललेले, एअर फिल्टर मोकळे केलेले टू-स्ट्रोक इंजिन या शहरात बाराही महिने एकाच मेन जेटवर, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणाऱ्या एकाच भोकावर, चालवणे म्हणजे पिस्टनशी जुगार खेळणे आहे. तरीही चार चाकांची क्वाड असो की यामाहाची जुनी आरएक्स, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कितीचा जेट टाकू?" विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो आणि आकडा सांगणारेही भरपूर भेटतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. हा आकडा उसना मिळत नाही. तो त्याच इंजिनावर, त्याच हवेत आणि त्याच पेट्रोलवर शोधावा लागतो. आणि शोध कायम जास्त पेट्रोलच्या बाजूने सुरू करून खाली उतरावे लागते.

आपल्याकडे टू-स्ट्रोक क्वाड मुळात दुर्मीळ. कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना भाड्याने मिळतात त्या क्वाड बहुतेक फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक क्वाडचा बहराचा काळ अमेरिकेत होऊन गेला. यामाहाची बॅन्शी तिथे १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, ६४ मिलिमीटर बोअर, ५४ मिलिमीटर स्ट्रोक. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हे आकडे ओळखीचे वाटतील, कारण एस्कॉर्ट्सने १९८३मध्ये भारतात आणलेल्या राजदूत ३५०चे बोअर आणि स्ट्रोकही हेच. बॅन्शी पाण्याने थंड होणारी, राजदूत हवेने. पण वंश एकच, यामाहाच्या आरडी मालिकेचा. त्यामुळे बॅन्शीवाल्यांनी वीस-तीस वर्षांत जे शिकून ठेवले त्यातले बरेचसे राजदूतवाल्यांना लागू पडते. तत्त्वे लागू पडतात, आकडे नव्हे.

इथे ज्याला टू-स्ट्रोक क्वाड हवी असते तो बहुधा ती बनवून घेतो. पाइप वाकवून चासी, मागे अखंड अ‍ॅक्सल आणि इंजिन एखाद्या जुन्या दुचाकीचे. १९८५ ते १९९६ या काळात बनलेल्या यामाहा आरएक्स १००चे ९८ सीसीचे इंजिन त्यात आवडीचे, पाठोपाठ आरएक्स १३५चे. गिअर नको असतील तर कायनेटिक होंडाचे इंजिन सोयीचे पडते. पुण्याच्या फिरोदियांची ही गाडी १९८४पासून मध्य प्रदेशातच, इंदूरजवळ पिथमपूरला बनत असे. त्याच पिथमपूरला पुढे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा भरू लागली. पण तिथे सगळ्या संघांना एकसारखे फोर-स्ट्रोक इंजिन आणि त्यात फेरफार करायला मनाई, त्यामुळे जेटचा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही. तो पडतो स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या अंगणात गाडी उघडून बसलेल्या माणसाला. अशा क्वाडची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही आणि नोंदणी झालेल्या दुचाकीतही मूळ रचना बदलणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकते, हे इथेच नोंदवून ठेवतो. पुढचे सगळे खासगी जागेत आणि ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे.

जेटचा प्रश्न टू-स्ट्रोकमध्ये इतका जिवावरचा का होतो? फोर-स्ट्रोक इंजिन लीन झाले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले, तर गाडी अडखळते, तापते, ओढत नाही. मालकाला सावध व्हायला वेळ मिळतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल तीन कामे करते. ते जळते, क्रँककेसमधून वर जाताना पिस्टन आणि बेअरिंगना थंड करते, आणि मिक्स पेट्रोल असेल तर वंगणाचे ऑइलही तेच वाहून नेते. जेट लहान पडला की तिन्ही कामे एकदम उणी पडतात. त्यात आणखी एक फसवणूक आहे. सीझ होण्याआधी लीन इंजिन थोडा वेळ फार सुंदर पळते. आवाज टणक होतो, थ्रॉटलला तत्काळ दाद मिळते, धूर दिसेनासा होतो. नवख्याला वाटते, आता ट्यूनिंग जमले. खरे तर त्या वेळी पिस्टनचा माथा तापत असतो आणि पुढच्या लांब सरळ रस्त्यावर तो सिलिंडरला धरतो. उलट रिच, म्हणजे पेट्रोल जास्त झालेले, इंजिन प्लग काळा करते, धूर ओकते, ताकद चोरते, पण मोडत नाही. एका बाजूची चूक प्लगच्या किमतीत निभावते, दुसऱ्या बाजूच्या चुकीला पिस्टन, रिंग आणि सिलिंडरचे बोरिंग लागते. जास्त पेट्रोलकडून खाली या, असे जे सांगितले त्याचे कारण एवढेच.

कार्बोरेटरमध्ये एकच जेट नसतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण कोणत्या थ्रॉटलला कोण काम करतो हे डोक्यात पक्के नसते. थ्रॉटल जेमतेम उघडले असताना, म्हणजे साधारण पहिल्या अष्टमांशापर्यंत, पायलट जेट आणि एअर स्क्रूचे राज्य. तिथून पाव थ्रॉटलपर्यंत स्लाइडच्या खालच्या तिरप्या कापाचा प्रभाव. पाव ते पाऊण या मोठ्या पट्ट्यात सुई आणि ती ज्याच्यात वरखाली होते तो नीडल जेट. पाऊण ते पूर्ण थ्रॉटलला मेन जेट. या सीमा एकमेकींवर चढलेल्या असतात, तरी दुखणे कुठे आहे ते त्यांच्यावरून शोधता येते. अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते म्हणून मेन जेट बदलत बसणारे लोक पुष्कळ आहेत. तिथे सुईची क्लिप एक खाच खाली घातली असती, म्हणजे सुई वर उचलली गेली असती, तर काम झाले असते. थ्रॉटलच्या मुठीवर आणि तिच्या शेजारी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. खर्च काहीच नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पायलटची परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण तापवून एअर स्क्रू हळूहळू फिरवत जिथे आयडल सगळ्यात वर जाते तिथे थांबायचे आणि स्क्रू किती आटे उघडा आहे ते मोजायचे. सुमारे दीड आटा आला तर पायलट बरोबर. एका आट्याच्या आतच इंजिन खूश असेल तर पायलट लहान पडतोय. अडीचच्या पुढे जावे लागत असेल तर तो मोठा आहे. मात्र स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे की इंजिनच्या, हे आधी पाहा. मिकुनीच्या व्हीएम जातीत तो फिल्टरकडे असतो आणि हवा नियंत्रित करतो, म्हणून आत फिरवला की मिश्रण रिच. इंजिनच्या बाजूला असलेला स्क्रू मिश्रण नियंत्रित करतो आणि त्याचा हिशेब उलटा.

आता आकड्यांबद्दल. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवरचा आकडा त्यातून किती पेट्रोल वाहते ते सांगतो. केहिन आणि डेलॉर्टोच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्यामुळे मिकुनीचा १०० आणि डेलॉर्टोचा १०० यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि एक पायरी चढणे दोन्हीकडे सारखे नाही. मिकुनीत १००वरून १०५ म्हणजे पेट्रोल पाच टक्के वाढले. डेलॉर्टोत १००वरून १०५ म्हणजे व्यास पाच टक्के वाढला, भोकाचे क्षेत्रफळ मात्र दहा टक्क्यांहून अधिक. मित्राच्या स्कूटरचा अनुभव आपल्या आरएक्सला लावताना हा फरक विसरला की सगळा हिशेब कोलमडतो.

फेरफारांचा परिणाम कोणत्या दिशेने होतो हे ठरलेले आहे, किती होतो हे नाही. एअर बॉक्सचे झाकण काढले किंवा उघडे कोन फिल्टर लावले की हवा वाढते आणि कार्बोरेटरवरची ओढ कमी होते. दोन्हींमुळे इंजिन लीन. एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे फुगलेल्या पोटाचा रेसिंग सायलेन्सर, लावला की तो ठराविक आरपीएमला सिलिंडरमधून निसटलेले ताजे मिश्रण परत आत ढकलतो, म्हणून त्या पट्ट्यात मेन जेट चांगलाच वर न्यावा लागतो. ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात पक्की केली. १९६१मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीच्या वेळी पळून सुझुकीला जाऊन मिळाला आणि ती जपानला पोहोचली. आज कोणत्याही टू-स्ट्रोक रेसिंग सायलेन्सरच्या फुगलेल्या पोटात काडेनचा विचार आहे. बॅन्शीच्या दोन कार्बोरेटरमध्ये कारखान्यातून २००चे मेन जेट येत. चेंबर, मोकळे फिल्टर आणि एअर बॉक्सचे झाकण काढणे एवढ्यावर लोक पावणेतीनशेच्या आसपास आणि पुढेही जात. म्हणजे एका फेरफाराला एक पायरी असा हिशेब तिथे चालत नाही. मोठा कार्बोरेटर बसवला तर हवेचा वेग कमी होऊन पेट्रोल खेचण्याची ताकद घटते, म्हणून जुना आकडा नव्यात चालतच नाही. पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवले तर पेट्रोलची मागणी फारशी बदलत नाही, पण चुकीला वाव राहत नाही. आधी जे लीनपण इंजिन सोसत होते ते आता डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, होऊन पिस्टनची कड कुरतडते.

क्वाडचे म्हणून काही वेगळे आहे. तेच इंजिन दुचाकीत असताना चढ संपला, सिग्नल आला, थ्रॉटल सुटले, असे श्वास घेत असते. क्वाडला चार रुंद टायर, जादा वजन आणि वळताना घासणारे अखंड अ‍ॅक्सल ओढायचे असते, तेही वाळूत किंवा भुसभुशीत मातीत. पूर्ण थ्रॉटल मिनिटभर सलग राहू शकते. कायनेटिकसारखे बिनगिअरचे व्हॅरिओमॅटिक असेल तर ते इंजिनला एकाच आरपीएमवर धरून ठेवते आणि मेन जेटचा कस आणखी लागतो. म्हणून दुचाकीत बरोबर बसलेल्या मेन जेटच्या किमान एक पायरी वरून क्वाडची सुरुवात करावी, असे मी म्हणेन. टाकीचा कॉकही तपासा. मेन जेट मोठा केला आणि कॉकमधून तेवढे पेट्रोल येतच नसेल तर लांब ओढीत फ्लोटची वाटी रिकामी होते. दुखणे लीनचे दिसते, पण जेट आणखी मोठा करून ते बरे होत नाही.

ग्वाल्हेरहून मुरैना-भिंडकडे निघालात की चंबळचे बीहड लागतात. क्वाडवाल्यांना मोह पडावा अशीच ती जमीन आहे, पण ती गाळाची माती पिठासारखी बारीक उडते. फोमचे फिल्टर ऑइल लावून घातले नसेल तर ती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंग खाऊन टाकते. फिल्टर काढून चालवणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. जेटिंगच्या दृष्टीने यात आणखी एक खोच आहे. फिल्टर धुळीने चोंदत जाते तसे मिश्रण रिच होत जाते. अशा अवस्थेत प्लग बघून कुणी मेन जेट लहान केला आणि मग कधीतरी फिल्टर धुतले, तर इंजिन एकदम लीन होते. जेटला हात लावण्याआधी फिल्टर धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवणे हा नियम इथे सक्तीचा मानावा.

हवेचा हिशेब हा या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित भाग, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या उलट प्रमाणात बदलते. ५ अंश सेल्सिअस म्हणजे २७८ केल्विन, ४५ अंश म्हणजे ३१८. भागाकार केला तर जानेवारीच्या पहाटेपेक्षा जूनच्या दुपारी हवा सुमारे १२-१३ टक्के विरळ असते. समुद्रकिनाऱ्यावरून सुमारे १३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीला चढून गेल्यावर हवा जेवढी विरळ होते, जवळजवळ तेवढाच हा फरक. म्हणजे ग्वाल्हेरची गाडी जागच्या जागी उभी राहून दरवर्षी एक घाट चढते आणि उतरते. शहराची स्वतःची उंची सुमारे २०० मीटर, तिचा परिणाम जेमतेम दोन टक्के. इथे खरा खेळ तापमानाचा आहे.

कार्बोरेटर यातला काही भाग आपोआप सांभाळतो. जड हवा जेटमधून थोडे जास्त पेट्रोल खेचते, पण ते घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच. त्यामुळे जूनच्या मानाने १४ टक्के जड झालेल्या जानेवारीच्या हवेला जेटमध्ये सुमारे ७ टक्के वाढ लागते. मिकुनीचा १००चा मेन जेट उन्हाळ्यात अगदी नेमका असेल तर जानेवारीत १०५ ते १०७.५ हवा. डेलॉर्टोत तोच बदल व्यासाच्या हिशेबाने १००वरून १०३ किंवा १०४ एवढाच येतो. पावसाळ्यात तापमान उतरते, पण हवेतली वाफ तीन-चार टक्के जागा अडवते आणि तेवढा प्राणवायू घटतो. म्हणून आषाढ-श्रावणात उन्हाळ्याचाच जेट सहसा चालून जातो. धोक्याचा काळ दिवाळीनंतरचा. पहाटे हवा घट्ट होते, गाडी तेजीत पळते आणि चालवणारा खुशीत पूर्ण थ्रॉटल देतो. उन्हाळ्यात सीझ होण्याची भीती सगळ्यांना असते. उन्हाळ्याचा जेट थंडीत तसाच राहिला तर इंजिन जाण्याची भीती त्याहून मोठी आहे, आणि ती फार थोड्यांना असते.

हा हिशेब शिस्तीने करणारे लोक पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथे मोहितेज रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर जेके टायरच्या राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या. कार्टही चार चाकांचीच आणि तिचे १२५ सीसीचे इंजिन टू-स्ट्रोक. इंजिन सीलबंद असते, उघडता येत नाही. मग संघांच्या हातात उरते ते गिअरिंग, टायरचा दाब आणि डेलॉर्टो कार्बोरेटरचे जेटिंग. कार्टिंगच्या जगात हवेची घनता मोजणारा मीटर जवळ बाळगतात, सकाळच्या सरावाला एक जेट आणि दुपारच्या शर्यतीला दुसरा लावतात आणि प्रत्येक बदल वहीत टिपतात. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवा आधीच पाचेक टक्के विरळ. सपाटीवरचे आकडे तिथे जसेच्या तसे चालत नाहीत, हे तिथे शर्यतीला उतरणारा प्रत्येक जण जाणतो. आपल्या क्वाडला मीटर परवडणार नाही, पण वही परवडते. तारीख, वेळ, तापमान, मेन जेट, क्लिपची खाच, प्लगचा रंग. दोन हंगाम अशी वही भरली की तिच्याइतका भरवशाचा तक्ता जगात कुणाकडेही नसेल.

हवेइतकेच पेट्रोलही बदलले आहे आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. आरएक्स आणि राजदूत यांचे कारखान्याचे जेट शुद्ध पेट्रोलसाठी ठरले होते. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता देशभर तेच मिळते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी आपल्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे त्याच हवेला आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन हवे. एकही फेरफार न केलेली १९८८ची आरएक्ससुद्धा आज कारखान्याच्या जेटवर लीन आहे. त्यात थंडीचे सात टक्के मिळवा. "तीस वर्षे हाच जेट आहे, कधी काही झाले नाही" असे म्हणणारा माणूस खरेच बोलत असतो, पण त्याच्या टाकीतले इंधन तीस वर्षांपूर्वीचे नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेते आणि जुने रबर फुगवते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी.

ऑइलचे प्रमाणही जेटिंगमध्येच मोडते. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षा, असे मानून लिटरला २५ मिलिलिटरऐवजी ५० घालणारे आहेत. जेटमधून जाणाऱ्या द्रवाचा दोन-अडीच टक्के भाग त्यामुळे पेट्रोलऐवजी ऑइलचा होतो, द्रव दाटही होतो आणि मिश्रण लीन होते. आरएक्समधला ऑइल पंप काढून मिक्स पेट्रोलवर जाणाऱ्यांनी तर मेन जेट पुन्हा तपासलाच पाहिजे, कारण पूर्वी जेटमधून निव्वळ पेट्रोल जात होते. एकदा प्रमाण ठरवा आणि मग ते बदलू नका.

जेटच्या नावावर खपणारे बरेचसे दोष जेटचे नसतातच. इनटेकच्या रबराला ग्वाल्हेरच्या उन्हात तडे जातात. मॅग्नेटच्या बाजूचे क्रँक सील कडक झाले की तिथून हवा आत ओढली जाते आणि इंजिन लीन होते. क्लचच्या बाजूचे सील गेले तर उलट गिअर ऑइल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. थ्रॉटल सोडल्यावर रेस पटकन खाली येत नसेल, वरच तरंगत राहत असेल, तर जेटची पेटी बंद करून आधी गळती शोधा. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून सायकलच्या पंपाने सुमारे सहा पीएसआय दाब भरायचा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे बघायचे. काटा मिनिटाला एक पीएसआयहून जास्त उतरत असेल तर त्या इंजिनाचे जेटिंग करण्यात अर्थ नाही. ही परीक्षा करणारे मिस्त्री कमी आणि तिच्यासाठी वेळ देणारे मालक त्याहून कमी, पण माझ्या मते नवा सायलेन्सर घेण्याआधी पैसे इथे घालावेत.

मग मेन जेट प्रत्यक्षात ठरवायचा कसा? अंदाजापेक्षा दोन-तीन पायऱ्या वरचा जेट घाला. इंजिन पूर्ण तापवून, लांब मोकळ्या पट्ट्यावर, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. फार रिच असेल तर एक ठोका सोडून एक जळल्यासारखा जाड, अडखळता आवाज येतो आणि आरपीएम वर चढत नाही. एक पायरी खाली या, पुन्हा पळवा. आवाज स्वच्छ होऊन ओढ आली की थांबा आणि एक पायरी परत वर जा. शेवटच्या त्या एका पायरीवर लोक भांडतात, कारण तिथे थोडी ताकद सोडावी लागते. शर्यतीच्या दिवशी ती सोडू नका, हवे तर, एरवी सोडा. शंका आली तर पूर्ण थ्रॉटलला चोक क्षणभर अर्धवट ओढा. गाडीने उचल खाल्ली तर ती लीन होती, दबली तर रिच. आधी पायलट बसवावा की मेन, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी मेनच्या बाजूने आहे, कारण सुईलाही पेट्रोल मेन जेटमधूनच मिळते आणि इंजिन मरते ते मेनच्या पट्ट्यात.

प्लग वाचण्याची कला जुनी आहे, पण तिचा जुना नियम आता फसवतो. शिसे असलेल्या पेट्रोलच्या काळात प्लग चॉकलेटी दिसला की सगळे ठीक असे. २००० सालापर्यंत शिसे गेले, मग इथेनॉल आले, आणि आता व्यवस्थित जेटिंग असलेल्या इंजिनाचा प्लगही फिकट दिसतो. चॉकलेटी रंग यावा म्हणून जेट चढवत बसलात तर गाडी कायम तुंबलेली राहील. आता टोक सोडून मुळाशी बघावे लागते. नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलची एक लांब धाव घ्या, थ्रॉटल उघडे असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि गाडी थांबली की प्लग काढा. बॅटरी आणि भिंग घेऊन पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी, जिथे ती लोखंडी कवचात शिरते, तिथे बघा. तिथे धुरकट रंगाचे एक कडे दिसायला हवे. कडे अरुंद, फिक्या करड्या-तपकिरी रंगाचे असेल तर मेन जेट ठीक. रुंद आणि काजळीसारखे काळे असेल तर रिच. कडेच नसेल, चिनी माती तळापर्यंत कोरी पांढरी असेल, तर गाडी तिथून ढकलत घरी न्या. चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर डेटोनेशन सुरू झालेले आहे. पिस्टनचा माथा वितळून तिथे येऊन बसला आहे. टोकाशी वळलेल्या पट्टीवरही एक रेष असते, जिथे तापल्याचा रंग बदलतो. ती मुख्यतः टायमिंग आणि प्लगची हीट रेंज सांगते, जेट नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

उपकरणांचे म्हणाल तर एक्झॉस्टच्या वायूचे आणि सिलिंडर हेडचे तापमान दाखवणारे मीटर उपयोगी आहेत, तुलना करायला तर फारच. काल ज्या जेटवर काटा जिथे होता त्याच्या वर आज गेला, एवढे कळले तरी पुरे. फोर-स्ट्रोकवाल्यांचा आवडता लॅम्बडा सेन्सर मात्र टू-स्ट्रोकमध्ये पूर्ण भरवशाचा नाही, कारण न जळलेले ताजे मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये निसटते आणि सेन्सरला त्यातला प्राणवायू दिसून तो खोटे लीन दाखवतो.

इंजिन धरलेच, तर पिस्टन फेकू नका, वाचा. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर लीन जेट किंवा हवेची गळती. कडेला कुरतडल्यासारखे खड्डे असतील तर डेटोनेशन. माथ्याच्या मध्यभागी भोक पडले असेल तर प्लगची हीट रेंज किंवा टायमिंग. आणि चार बाजूंना चार सारखे ओरखडे असतील तर जेट निर्दोष आहे : थंड इंजिनला तापू न देता पळवले, पिस्टन आधी फुगला, सिलिंडर मागे राहिला. ग्वाल्हेरच्या जानेवारीत हा चौथा प्रकार मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा, कारण त्याचे खापर नेहमी जेटवर फुटते.

शेवटी जेट विकत घेण्याबद्दल. तार घालून भोक मोठे करण्याची किंवा डाग देऊन लहान करण्याची पद्धत अजून चालते. तिने एखादी गाडी सुरू होईल, पण जेटवरचा आकडा कायमचा खोटा होतो आणि पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. जुन्या कार्बोरेटरमधल्या जेटवर कोरलेल्या आकड्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. नकली जेटमध्येही आकडा आणि भोक यांची फारकत असते. मेन जेटचे आठ-दहा अस्सल नग, दोन पायलट आणि सुईची एक जादा क्लिप एवढा संच एकदाच घ्या. ग्वाल्हेरमध्ये मिळाला नाही तर दिल्लीच्या करोल बागेत मिळतो, आणि त्याची किंमत एका बोरिंगच्या खर्चापेक्षा कमी असते. तो संच हाताशी असेल तर उन्हाळ्यात बसवलेला मेन जेट यंदा दिवाळीच्या आधी काढा, एक पायरी वरचा घाला आणि वहीत तारीख लिहा.